नावाला ओ न देणारा माणूस

मूश्वेच्या दुकानात एक नियम होता, आणि तो त्याच्या बापापासून चालत आलेला होता. कागदाच्या नोकराला जिवंत माणसाचं नाव द्यायचं नाही.

ताइनान शहरात, देवळामागच्या गल्लीत त्याचं दुकान. मेलेल्या माणसासाठी जाळायची घरं तो बनवायचा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, आत पलंग, खुर्च्या, अलीकडे टीव्ही आणि एसीसुद्धा. आणि दारात दोन नोकर, एक मुलगा आणि एक मुलगी, हातभर उंचीचे. घर कितीही साधं असलं तरी हे दोघं लागतातच. तिकडे म्हाताऱ्याला चहा करून कोण देणार? दोघांच्या मनगटाला नावाची चिठ्ठी बांधतात. जाळायच्या आधी घरातला थोरला मुलगा त्यांना नावानं तीन वेळा हाक मारतो, शेजारी उभं असलेलं कोणीतरी त्यांच्या वतीनं "ओ" म्हणतं, आणि मग त्यांना बजावून सांगतात, धन्याची नीट सेवा करा, आळस करू नका. एकदा ओ दिली की नोकर बांधला गेला. पुन्हा सुटका नाही.

म्हणून नाव जपून द्यायचं. गिऱ्हाइकानं एखादं नाव सुचवलं तर मूश्वे आधी चौकशी करायचा, या नावाचं नात्यात कोणी आहे का, गल्लीत आहे का, ऑफिसात आहे का. एकदा एका बाईनं शांतपणे स्वतःच्या सासूचं नाव सांगितलं. मूश्वेनं तिला बसवून चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

डोळे तो सगळ्यात शेवटी काढायचा, बारीक कुंचल्यानं, एका दमात. डोळे काढेपर्यंत तो नुसता कागद. बिघडलेली बाहुली जाळायची नाही, कारण जाळलेली वस्तू तिकडे पोचते. ती मागच्या दारातल्या पाण्याच्या बादलीत टाकायची. दोन-चार दिवसांत तिचा लगदा होतो, आणि कोणी कधी होतं याची खूणही राहत नाही.

मूश्वे नावात लाकूड आहे आणि पाणी आहे, मू म्हणजे लाकूड आणि श्वे म्हणजे पाणी. जन्मपत्रिकेत या दोन गोष्टी कमी निघाल्या म्हणून आजोबांनी त्या नावात घातल्या. "लाकूड आणि पाणी मिळून काय होतं?" असं तो लोकांना विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता हातातला कागद फडकवून दाखवायचा.

त्याच्या बायकोनं मात्र त्याला कधी नावानं हाक मारली नाही. खीम तरुणपणी गल्लीच्या तोंडाशी वाफवलेल्या तांदळाच्या वड्यांचा गाडा लावायची. हा रोज यायचा, आणि याच्या बोटांची खळ तिच्या वाट्यांना लागायची. वाट्या एकमेकींत अडकायच्या, सुटता सुटायच्या नाहीत. "आला चिकट्या," ती म्हणायची. लग्नानंतरही तेच राहिलं. पोरगा झाला, मोठा झाला, शिन्चूला चिपच्या कारखान्यात इंजिनियर झाला, तरी घरात "चिकट्या, जेवायला ये" हीच हाक.

ताइनानचं जेवणच गोड. माशाच्या रश्शातसुद्धा साखर पडते. मूश्वेला वर कोहळ्याचा गोड चहा लागायचा, सकाळी एक आणि दुपारी एक. मधुमेह निघून बरीच वर्षं झाली होती. गोळ्या तो घ्यायचा, पण बरं वाटलं की सोडायचा. "साखर वाढली की माणूस चिकटतो," तो म्हणायचा, "माझा धंदाच तो आहे." खीम चिडायची, ओरडायची आणि पुन्हा चहा करून द्यायची. गेल्या काही वर्षांत त्याच्या पायांना मुंग्या यायच्या, मग त्याही येईनाशा झाल्या. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि हा तसाच पुढे जायचा. खीमला ते गमतीचं वाटायचं.

चांद्र वर्षाचा सातवा महिना लागला होता. त्या महिन्यात मेलेले लोक वर फिरायला येतात, घराघरातून पानं मांडली जातात, कागदाच्या कामाला रात्र पुरत नाही. मूश्वे तिपाईवर चढून एका तीन मजली घराचं छप्पर चिकटवत होता. पाय तिपाईच्या कडेवर पडला की मधोमध, हे पायाला कळलंच नाही. तो खाली आला आणि मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं.

"या महिन्यात ऑपरेशन नको," खीम इस्पितळात म्हणाली. "महिना सरू दे. आता चाकू लावायचा म्हणजे दार उघडं टाकून झोपल्यासारखं आहे."

"आई, हाड मोडलंय," च्येन-हान म्हणाला. तो शिन्चूहून तसाच धावत आला होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अजून लोंबत होतं. "हाडाला महिना कळत नाही. थांबलो तर ते पुन्हा चालणार नाहीत."

डॉक्टर युआन नावाच्या बाईंनी त्याला बाजूला घेऊन आणखी काही सांगितलं. खीमला ते काचेतून दिसलं. त्या बोलत होत्या, मुलगा मान हलवत होता. परत आल्यावर तिनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. बरे होतील म्हणाल्या."

तेवढ्यात परिचारिका आली आणि मूश्वेच्या मनगटाला प्लॅस्टिकची पट्टी बांधून गेली. पट्टीवर आडनावासकट छापलं होतं, श्ये मूश्वे. त्यानं हात वर धरून ती उलटसुलट पाहिली. दुखत असूनही तो हसला.

"बघितलंस?" तो खीमला म्हणाला. "नाव बांधलं. आता कोणाच्या दारात उभा करताय?"

"तुला ठेवून कोण घेतंय," खीम म्हणाली. "एका दिवसात परत करतील."

ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मूश्वे शुद्धीवर होता, दुकानात गेलेल्या च्येन-हानला फोनवर छप्पर कसं चिकटवायचं ते सांगत होता, इस्पितळाच्या पेजेला नावं ठेवत होता. पोरगा निर्धास्त होऊन कामावर परत गेला. पडद्याच्या पलीकडच्या खाटेवर गुओ नावाचे एक आजोबा होते. त्यांना ऐकू कमी यायचं, आणि वॉर्डात कोणालाही हाक मारली तरी ते "ओ" द्यायचे. "या आजोबांच्या नावावर सगळ्यांचं जेवण येईल एक दिवस," परिचारिका म्हणायची. मूश्वे त्यावर हसला होता.

संध्याकाळी खिडकीतला उजेड तांबूस झाला, आणि खीमला दिसलं की नवऱ्याची बोटं चादरीवर चालताहेत. तो चादरीची चुणी धरायचा, दुमडायचा, अंगठ्यानं दाबून सपाट करायचा. मग पुढची चुणी. दुकानात कागद बसवताना तो अगदी असंच करायचा. नजर मात्र छताकडे होती.

"काय करतोस?"

"कामट्या उघड्या आहेत," तो हळूच म्हणाला. "वरचा कागद लावलाच नाही अजून. घाई करताहेत हे लोक."

खीमनं वर बघितलं. छताला पांढऱ्या चौकोनी फरश्या होत्या आणि त्यांच्यामध्ये पत्र्याच्या पट्ट्या. तिला क्षणभर त्या कामट्यांसारख्या वाटल्या, आणि तिनं पटकन मान खाली घातली.

परिचारिका औषध घेऊन आली. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी. "आजोबा, तुमचं नाव सांगा आणि जन्मतारीख." औषध देण्याआधी ती दर वेळी विचारायची. सकाळी त्यानं दोन्ही सांगितलं होतं.

मूश्वेनं ओठ घट्ट मिटले.

"आजोबा, नाव?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग खीमकडे वळून पुटपुटला, "हिला नुसते डोळे काढलेत. तोंड राहिलंय."

"श्ये मूश्वे," परिचारिकेनं पट्टीवर वाचून हाक मारली. "श्ये मूश्वे, ऐकू येतंय का?"

पलीकडून गुओ आजोबा म्हणाले, "ओ."

मूश्वेच्या अंगावर काटा आलेला खीमनं डोळ्यांनी पाहिला. दंडावरचे पांढरे केस एकेक करून उभे राहिले. त्यानं पट्टीला हात घातला आणि ती ओरबाडायला लागला. पट्टी तुटेना. मनगटाची कातडी सोलली. परिचारिकेनं हात धरला, तर त्यानं दुसऱ्या हातानं सलाइनची नळी उपटली. मग दोघं-तिघं आले. त्याच्या दोन्ही हातांवर पिशवीसारखे जाड पांढरे कापडी पंजे चढवून त्यांचे बंद खाटेला बांधले. आत बोटं होती की नव्हती ते बाहेरून कळत नव्हतं. खीम बघत राहिली. दुकानात कागदाचे मुलगा-मुलगी जोडायच्या आधी मूश्वे त्यांचे हात असेच करून ठेवायचा, पांढरे, गोल, बिनबोटांचे.

सकाळी तो ओळखीचं हसला आणि दुपारी झोपला. संध्याकाळी पुन्हा तेच. उजेड तांबूस व्हायला लागला की त्याच्या चेहऱ्यावरून तो स्वतः निघून जायचा आणि मागे कोणीतरी दुसरा, फार घाबरलेला, कान देऊन बसलेला माणूस राहायचा. नाव विचारलं की तो भलतंच नाव सांगायचा. एकदा बापाचं, एकदा गल्लीतल्या कुत्र्याचं.

"यांना स्वतःचं नाव आठवत नाहीये," परिचारिका खीमला म्हणाली. "डॉक्टरना सांगून ठेवते."

खीमला खात्री होती की आतला माणूस हरवलाय. इस्पितळात ऑपरेशनच्या टेबलावर, या महिन्यात, दार उघडं राहिलं आणि जीव बाहेर पडला. आपण घरी नेऊ ते नुसतं सांगाड्यावर चढवलेलं कातडं असेल, असं तिला वाटलं. आयुष्यभर तिला कशाची भीती वाटली नव्हती. घरात रोज मेलेल्यांची घरं उभी असायची, ती त्यांच्या अंगणात भाजी निवडायची. पण हे घर तिचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मूश्वेचा सदरा पिशवीत घातला आणि देवळापाशी युए मावशीकडे गेली. घाबरून गेलेला जीव परत बोलवायचं काम युए मावशी करायची. पोरं दचकून उठायला लागली की गल्ली तिच्याकडेच जायची. तिनं सदऱ्यात तांदळानं भरलेला पेला गुंडाळला, उदबत्ती ओवाळली, मग कापड उलगडून तांदळावर पडलेले खड्डे बघितले.

"कुठेतरी नावाशी अडकलाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तांदूळ एवढंच सांगतात गं. मी त्यांच्याशी भांडत नाही. हा सदरा त्याच्या अंगावर घाल. दिवेलागणीला त्याच्या उशाशी उभी राहा, पूर्ण नावानं तीनदा हाक मार आणि घरी ये म्हण. शेजारी कोणी असेल त्यानं म्हणायचं, आला. बस."

"पूर्ण नावानं?"

"मग काय, चिकट्या म्हणून बोलावणार?" युए मावशी हसली. "तिकडे हजार चिकटे असतील."

खीमला तेव्हा नियम आठवायला हवा होता. चाळीसहून जास्त वर्षं त्या दुकानात राहिलेल्या बाईला तो आठवायलाच हवा होता. पण तिच्या डोक्यात फक्त नवरा परत आणायचं होतं.

संध्याकाळी तिनं सदरा त्याच्या छातीवर पसरला. तो टक लावून बघत होता. ती उशाशी उभी राहिली, गळा साफ केला, आणि जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं.

"श्ये मूश्वे, घरी ये."

त्याचे डोळे मोठे झाले.

"श्ये मूश्वे, घरी ये."

"नको," तो म्हणाला. आवाज पोरासारखा बारीक होता. "तूसुद्धा? तू नको."

तिला वाटलं, आतली वाईट गोष्टच नको म्हणते आहे. तिनं जोर लावला. "श्ये मूश्वे, घरी ये."

पडद्यामागून कोणीतरी, अगदी स्वच्छ आवाजात, म्हणालं, "ओ."

मूश्वेनं डोळे मिटून घेतले. त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही.

सकाळी खीम आली तेव्हा पलीकडची खाट रिकामी होती. गादी गुंडाळलेली, पडदा सरकवलेला, खिडकीतून ऊन थेट लोखंडावर पडलेलं.

"गुओ आजोबा?" तिनं विचारलं.

"गेले," परिचारिका गडबडीत म्हणाली, आणि खीमच्या चेहऱ्याकडे बघून थांबली. "घरी गेले हो काकू. मुलगा येऊन घेऊन गेला पहाटे."

खीमनं मान हलवली. तिचा विश्वास बसला नाही. कोणीतरी मूश्वेच्या नावाला ओ दिली होती, आणि आता तो माणूस इथे नव्हता.

मूश्वे आता तिच्या हातूनही खाईना. चमचा तोंडाशी नेला की तो तोंड उघडायचा, तिला बरं वाटायचं, ती परिचारिकेला सांगायची, खाल्लं म्हणून. त्या हिशोबानं साखर उतरवायचं इंजेक्शन दिलं जायचं. पेज मात्र तो गालात धरून ठेवायचा आणि तिची पाठ वळली की टॉवेलात थुंकायचा. दुपारी त्याला दरदरून घाम फुटला, ओठ पांढरे पडले. तपासलं तर साखर एकदम खाली गेलेली. धावपळ झाली, नळीतून साखर सोडली. डोळे उघडले, पण त्या डोळ्यांत कोणी नव्हतं.

संध्याकाळच्या आगगाडीनं च्येन-हान आला. खीमनं त्याला जिन्यापाशी गाठलं आणि सदरा, तांदूळ, गुओ आजोबा, सगळं सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"आई, मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"असं होऊ शकतं हे. डॉक्टर म्हणाल्या होत्या. एवढ्या वर्षांची साखर, त्यात ती नीट सांभाळलेली नाही, वर वय, वर मोडलेलं हाड. अशा लोकांना ऑपरेशननंतर भ्रम होतो, इतरांपेक्षा जास्त होतो. तसं काही दिसू लागलं तर लगेच सांगा, घरचं माणूस जवळ ठेवा, असं म्हणाल्या."

"आणि तू मला म्हणालास, काही नाही."

"ऑपरेशनच्या आधी तसलं काही बोलायचं नसतं ना. तूच शिकवलंस. तू घाबरली असतीस."

"आता काय हसतेय मी?" खीम म्हणाली. तिनं त्याच्या डोक्यावर पिशवी मारली, फार जोरात नाही. "इंजिनियर. चिप बनवतोस. आईला दोन शब्द सांगता येत नाहीत. मी इथे त्याला भूत लागलंय म्हणून मरायला टेकले."

डॉक्टर युआननी दोघांना खोलीत बसवलं. त्या थकलेल्या दिसत होत्या, पण घाईत नव्हत्या.

"साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात," त्या म्हणाल्या. "पायांच्या नसा गेल्या तशाच. रोजच्या दिवसात ते दिसत नाही, माणूस सांभाळून नेतो. मग ऑपरेशन, भूल, दुखणं, साखरेची वरखाली, झोप नाही, अनोळखी जागा, हे सगळं एकदम येतं आणि मेंदूची पकड सुटते. येते, जाते, संध्याकाळी वाढते. आजची साखर आम्ही सावरली. लघवीत थोडा संसर्ग आहे, त्याचं औषध सुरू केलंय. पण ते खात नाहीत, उठत नाहीत, हे असंच राहिलं तर मात्र मला काळजी आहे. बहुतेक जण परत येतात. सगळे पूर्ण येत नाहीत, हेही सांगते. आता लपवत नाही."

"त्यांना नावसुद्धा आठवत नाही," च्येन-हान म्हणाला.

"आठवतं," खीम म्हणाली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिलाही ते आताच कळत होतं. "आठवतं, म्हणून तर सांगत नाही. तुम्ही त्याच्या मनगटाला नाव बांधलंत. दर वेळी येऊन नावानं हाक मारता. डोळे तेवढे दिसतात तुमचे. त्याला वाटतंय की त्याचा नोकर केलाय. ओ दिली की जाळायला नेणार." ती थांबली. "आणि मी, बावळट, उशाशी उभं राहून तीनदा हाक मारली."

डॉक्टर युआननी तिला समजावायचा प्रयत्न केला नाही. त्यांनी विचारलं, "घरी तुम्ही त्यांना काय म्हणता?"

खीम लाजली. च्येन-हाननं उत्तर दिलं.

"मग तेच म्हणा," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांच्याशी वाद घालू नका, खोटं आहे म्हणू नका. चष्मा द्या. दिवे लावा, खिडकी उघडी ठेवा. पट्टी काढता येणार नाही, पण ती पायाला बांधू, मोज्याखाली. हात मी सोडायला सांगते, तुम्ही जवळ बसणार असाल तर."

पंजे काढले तेव्हा आत बोटं होती. खीमनं एकेक मोजल्यासारखी चोळली. पट्टी घोट्याला गेली आणि वर मोजा आला. चष्मा नाकावर बसवला. दुसऱ्या दिवशी च्येन-हान घरून खळीचा डबा आणि थोडे रंगीत कागद घेऊन आला. बाहेर आकाश तांबूस व्हायला लागलं होतं. मूश्वेचे डोळे दाराकडे वळले, कान टवकारले गेले. खीमनं मास्क हनुवटीखाली ओढला आणि खाटेवर, त्याच्या अगदी तोंडासमोर बसली.

"ए चिकट्या."

काही नाही.

"ए चिकट्या, खळ वाळायला लागली. छप्पर अर्धं राहिलंय. त्या लोकांचा म्हातारा उघड्यावर बसेल."

त्याचे ओठ हलले. "कुठलं छप्पर?"

"तीन मजली. जिथून तू पडलास ते."

"मी नाही पडलो," तो म्हणाला. "मला उतरवलं." मग फार हळू, दाराकडे बघत, "माझे डोळे कोणी काढले?"

खीमच्या तोंडात आलं होतं, कोणी नाही काढले, वेड्यासारखं बोलू नको. तिनं ते गिळलं.

"तुझ्या आईनं," ती म्हणाली.

तो विचार करत राहिला. कपाळाला आठ्या पडल्या. एखादं काम नीट झालंय की नाही ते तपासताना पडायच्या तशाच.

"मग जाळता येणार नाही," तो शेवटी म्हणाला.

"नाहीच. आईनं काढलेल्याला कोण जाळतं? तोंड उघड. भात आहे, माशाचा रस्सा आहे, साखर घातलेली नाही. वाईट लागेल. खा."

त्यानं खाल्लं. तिनं गाल चाचपून पाहिला, गिळलं होतं. "वाईट आहे," तो म्हणाला, आणि पुन्हा तोंड उघडलं.

एका संध्याकाळीत सगळं सरळ झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा कामट्या दिसल्या, त्याच्या पुढच्या दिवशी खिडकीत कोणीतरी उभं होतं. पण आता दिवेलागणीला खीम तिथे असायची, कागद पुढे करायची, तो दुमडायचा, आणि ती त्याला शिव्या देत राहायची. परिचारिका आत येताना मास्क क्षणभर खाली करून चेहरा दाखवायची आणि "चिकटे आजोबा" म्हणायची. त्याला ते आवडायचं नाही. "हे नाव हिचं आहे," तो खीमकडे बोट करून म्हणायचा. हळूहळू त्याची ती भीतीची संध्याकाळ आखडत गेली. एक दिवस ती आलीच नाही, नुसताच अंधार पडला आणि लोकांनी दिवे लावले.

घरी निघताना परिचारिकेनं घोट्याची पट्टी कापली आणि कचऱ्याच्या डब्याकडे हात नेला.

"तिथे नको, तो कचरा जाळतात," मूश्वे म्हणाला. त्यानं ती मागून घेतली, घडी न करता खिशात ठेवली, आणि घरी आल्यावर कुबड्या घेऊन मागच्या दाराशी जाऊन बिघडलेल्या बाहुल्यांच्या बादलीत सोडली.

आता तो गोळ्या वेळेवर घेतो. कोहळ्याचा चहा बंद झाला, म्हणजे खीम समोर असते तेव्हा तरी. सकाळ-संध्याकाळ बोट टोचून साखर बघायची, जेवण चुकवायचं नाही, पाय रोज तपासायचे. काम बसून होईल एवढंच. तो पूर्वीसारखाच आहे असं गल्ली म्हणते. खीम म्हणते, जवळजवळ. कधीकधी डोळे काढताना त्याचा कुंचला हवेत थांबतो आणि तो बाहुलीला काहीतरी विचारतो. काय ते तिला ऐकू येत नाही. नावाच्या चिठ्ठ्या तो लिहीत नाही. गिऱ्हाइकानं स्वतः लिहून आणायच्या.

बादलीतल्या बाहुल्यांचा लगदा झाला. तो काढला, नव्या टाकल्या, त्यांचाही झाला. पट्टी तशीच आहे. खीम काठीनं ढवळते तेव्हा ती वर येते, कधी उलटी, कधी सुलटी, अक्षरं जशीच्या तशी.

"प्लॅस्टिक आहे, चिकट्या. विरघळणार नाही."

"राहू दे," तो म्हणतो. "पाण्यात आहे ना. पाण्यातलं कुठे पोचत नाही."

दर थोड्या दिवसांनी साखरेच्या तपासणीला जावं लागतं. तिथे लांब ओळीत खुर्च्या असतात, आणि आतून एक बाई नावं पुकारते. गेल्या वेळी दोघं बसले होते, तो कागदाचा कपटा दुमडत, ती पिशवी मांडीवर घेऊन.

"श्ये मूश्वे," आतून हाक आली.

मूश्वे कपटा दुमडत राहिला. जणू ते नाव त्याचं कधी नव्हतंच.

"श्ये मूश्वे."

खीम लगेच उठली नाही. मागे दोन-तीन ओळी भरलेल्या होत्या, सगळे म्हातारे. ती मान न वळवता, श्वास धरून, मागचं ऐकत राहिली. कोणी खोकलं. कोणाची तरी काठी जमिनीवर घासली.

कोणीच ओ दिली नाही.

तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "ऊठ, चिकट्या. आपला नंबर आला."

"हो," तो म्हणाला, आणि उठला.